काजल कोणत्या शाळेतली?

नागपूर,
२ डिसेंबर २०२४

मिनल,

‘प्रिय’ लिहावं की ‘चि.’ यावर बराच वेळ पेन अडलं, म्हणून नुसतं नाव लिहिलं. काम आहे. व्हॉट्सॲपवर तुला तीनदा निरोप पाठवला, तिन्हीपुढे एकच टिक. केंद्रप्रमुख म्हणाले, भामरागडकडे रेंजचं काही खरं नसतं, टपाल मात्र पोचतं. तेव्हा हे पत्र.

काम असं, की शाळेतला टीव्ही चालवायचा आहे. बटण दाबलं की लागतो, पण इंटरनेटला जोडायला गेलं की पासवर्ड मागतो. शेजारी ग्रामपंचायतीत विचारलं. नत्थू शिपाई म्हणाला, "मिनल मॅडमनंच टाकला होता, मले काई माहीत नाई."

जूनमध्ये तुझी बदली झाली, तुझ्या जागी अजून कोणी आलेलं नाही. पहिली ते चौथी, सगळी मुलं एका खोलीत, आणि मी एकटी. चौथीला भागाकार सांगायला वळले की पहिली खिडकीच्या गजांना लटकते. एका बाजूला काहीतरी दाखवत ठेवलं तर दुसऱ्या बाजूला शिकवता येईल, एवढाच हेतू. माझं मत बदललं असं समजू नकोस.

सरपंचांच्या मागे लागून तू तो टीव्ही मिळवलास आणि मी वर्षभर त्यावर प्लास्टिक घालून ठेवलं, असं तू जाताना सगळ्यांसमोर म्हणालीस. प्लास्टिक धुळीसाठी होतं. आपल्या शाळेच्या गावच्या रस्त्याला धूळ किती, हे तुला ठाऊक आहे. त्यावर मला आणखी बोलायचं नाही. निरोपाच्या चहालाही तू थांबली नाहीस. बस चुकेल म्हणालीस. मागून दुसरी बस होती. असो.

पासवर्ड कळव.

तारा मॅडम


ता. भामरागड,
११ डिसेंबर २०२४

मॅडम, नमस्कार.

पासवर्ड टीव्हीच्या पाठीमागे कागदावर लिहून चिकटवला आहे. मागच्या वर्षापासून तिथेच आहे. टीव्ही फिरवून बघावा.

मिनल


नागपूर,
२३ डिसेंबर २०२४

मिनल,

फिरवला. सापडला. तुझं पत्र मुकुंदनंही वाचलं. निवृत्त झाल्यापासून घरात येणारा प्रत्येक कागद वाचणं हे माझ्या नवऱ्यानं आपलं काम मानलं आहे. "बाई चिडलेल्या दिसतात," एवढंच म्हणाला आणि पुढचे मटार सोलायला घेतले.

आता ऐक. पुस्तकातल्या त्या काळ्या चौकोनी नक्षीवर फोन धरला की धडा उघडतो, आणि फोनचा पडदा टीव्हीवर नेता येतो, हे मला आलं. कोणी शिकवलं नाही. चार दिवस शाळा सुटल्यावर बसले आणि जे दिसेल ते दाबून पाहिलं. एकदा टीव्ही अरबीसारख्या कुठल्यातरी भाषेत गेला आणि दोन दिवस तिथेच राहिला. पण आला परत.

पहिला धडा लावला तो पाण्याचा. ढग, वाफ, सगळं मोठ्ठं आणि हलतं. मुलं श्वास रोखून बसली होती, आणि तेवढ्यात ढगांवर मुकुंदचा निरोप उतरला : ‘येताना इसबगोल आण.’ चौथीतल्या आयुषनं तो खणखणीत वाचला. त्याचं वाचन खरंच सुधारलं आहे. "मॅडम, इसबगोल म्हणजे काय?" औषध, म्हटलं. "कायचं?" मी पुन्हा ढगांकडे वळले.

खरी गंमत पुढे झाली. गणिताच्या एका व्हिडिओत एक बाई विचारते, "सांगा बरं मुलांनो, सात आणि सहा किती?" मग थांबते. आपली मुलं ओरडतात, "तेरा!" मग ती म्हणते, "शाबास!" पहिलीची पोरं खूश. बाई आपल्याशीच बोलते आहे, असं त्यांना वाटलं. आयुष मात्र भुवया ताणून बघत होता. पुढच्या वेळी त्यानं मुद्दाम "बारा!" म्हटलं. बाई म्हणाली, "शाबास!"

वर्गात केवढा गोंधळ! "मॅडम, तिले ऐकूच नाई येत!" आणि त्या गोंधळात मागून एक आवाज आला, "मंग थे शाबास कोणाले म्हणते?"

आवाज काजलचा होता. अंकुश आणि पंचफुलाची काजल, आता तिसरीत आहे. हजेरीला "हजर" म्हणण्यापलीकडे त्या पोरीनं तुझ्याकडेही तोंड उघडलं नव्हतं, माझ्याकडेही नाही. आणि तिनं असा प्रश्न विचारला, की मी फळ्यापुढे खडू धरून उभी राहिले. खरंच गं, कोणाला म्हणते?

घरी मुकुंदशी यावर बराच वेळ बोलले. दुसऱ्या दिवशी म्हटलं, ज्याला ऐकू येतं असं माणूस मुलांना दाखवू. वर्गातून मुकुंदला व्हिडिओ कॉल लावला. तो स्वयंपाकघरात, कानटोपी घालून. पोरांनी आधी खातरजमा केली. "काका, उजवा हात वर करा." त्यानं केला. "आता कान धरा." धरला. दहा-बारा कवायती झाल्यावर मान्य झालं, की हा माणूस खरा आहे. मग काजल उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेली. "काका, तुमाले आमी केवढे दिसतो?"

मुकुंदनं करंगळीचं नख पुढे केलं. "एवढे."

ती जागेवर आली आणि शाळा सुटेपर्यंत आपलं नख न्याहाळत बसली.

आता प्रश्न. संक्रांत झाली की अंकुश-पंचफुला मिरची तोडायला तेलंगणात जाणार, ते थेट एप्रिलात परत. मागल्या वर्षी काजल आजीपाशी राहिली होती. यमुताई आजी दिवाळीत गेली. आता पोर आईबापांबरोबर जाईल. नुकती बोलायला लागली आहे. फोनवरून तिला रोज आपल्या वर्गात घेता येईल का? त्याला काय काय लागतं? सविस्तर लिही. या वेळी टीव्ही मी आधीच फिरवून पाहिला आहे.

तारा मॅडम


ता. भामरागड,
६ जानेवारी २०२५

मॅडम, नमस्कार.

घेता येईल. फोन टेबलावर ठेवू नका, मुलीला नुसता पंखा दिसेल. खिडकीजवळच्या कपाटावर उभा करा. तिथून फळाही दिसतो आणि मुलंही. नुसता तुमचा चेहरा दाखवला तर ती आठ दिवसांत कंटाळेल. (राग मानू नका, माझा दाखवला तरी कंटाळेल.) वेळ एकच ठरवा. तिचा आवाज बंद ठेवायचं बटण असतं, ते दाबू नका. गोंगाट झाला तरी चालेल.

टीव्ही लागला हे वाचून बरं वाटलं.

त्या शाबासकीची गोष्ट मी माझ्या मुलांना सांगितली. म्हणजे हातवारे करून सांगितली. एका मुलीनं बराच विचार केला आणि मला दाखवलं, की त्या बाईच्या समोर कोणीतरी फोन धरून उभं असेल, ती त्यालाच शाबास म्हणत असेल. काजलला कळवा.

मिनल


नागपूर,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मिनल,

तुझ्या भामरागडच्या मुलीचं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. काजलला पटलं. आयुषला अजून शंका आहे.

ती गेली गं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले होते. दारात गाठोडी बांधून ठेवलेली. मी म्हटलं, पोरीला इथे ठेवायची काहीच सोय नाही का?

पंचफुला म्हणाली, "कोणापाशी ठेवू मॅडम? सासू होती तवर ठेवली. अन् मी मिरची तोडाले गेली तं पिंट्याले कोण पाहीन? दोन वर्साचा हाय थो. काजलच पाहीन ना."

"मग तिला न्या. मी रोज तुमच्या फोनवर शाळा पाठवते."

अंकुश हसला. "फोनमंदी शाळा मावते काय मॅडम?"

"मावते," मी म्हटलं. मलाही तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं. पण अंकुश सकाळी वावरात जाताना फोन काजलपाशी ठेवून जायला तयार झाला.

आणि मावली! रोज अकराला मी कॉल लावते. टीव्हीवर काजल उगवते. मागे ताडपत्रीची झोपडी, त्यामागे मिरचीचं वावर. तू म्हणालीस तसा फोन कपाटावर उभा केला आहे. हजेरी घेताना तिचं नाव आलं की सगळा वर्ग टीव्हीकडे बघतो, आणि ती म्हणते, "हजर." इथे म्हणायची त्याच्या दुप्पट मोठ्यानं.

पोरांचे प्रश्न संपत नाहीत. तिकडे सूर्य आपल्याच वेळी उगवतो का? तिकडच्या कुत्र्यांना मराठी कळतं का? काजलनं त्याच दिवशी जाऊन पाहिलं. ‘हाड’ म्हटलेलं कळतं, ‘ये’ म्हटलेलं कळत नाही. पहिलीतल्या एकीला वाटतं की वावर लाल आहे म्हणजे तिथे रोज रंगपंचमी असते.

केंद्रप्रमुख येऊन फोटो काढून गेले. ‘अभिनव उपक्रम’ म्हणून ग्रुपवर टाकला. इतक्या टाळ्या आल्या की फोन दिवसभर थरथरत होता. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कोणी माझ्याकडे मार्गदर्शन मागितलं, तेही टेक्नॉलॉजीचं. कन्हानच्या एका शिक्षिकेनं फोन करून विचारलं, "मॅडम, कॅमेरा नेमका कुठं ठेवता?" मी सांगितलं, कपाटावर. हे मला तू सांगितलंस, एवढं सांगायचं राहिलं.

काजलचा एकही दिवस बुडालेला नाही. तुला कळावं म्हणून लिहिलं.

तारा मॅडम


ता. भामरागड,
१४ फेब्रुवारी २०२५

मॅडम, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. कुत्र्यांचा प्रयोग इथेही करून पाहिला. आमची कुत्री मराठीला अजिबात भीक घालत नाहीत.

इथली मुलं घरी माडिया बोलतात. जूनमध्ये आले तेव्हा मी भराभर मराठीत शिकवत होते, आणि मुलं माझ्याकडे तुमच्या त्या व्हिडिओतल्या बाईकडे पाहावं तशी बघत होती. मी रोज शाबास म्हणायचे. कोणाला म्हणायचे, देव जाणे. आता मी आधी त्यांचे शब्द शिकते. एक मुलगी मला उच्चार सुधारून देते आणि फार कडक आहे.

एक विचारायचं होतं. काजल फोन धरून बसते तेव्हा पिंटू कुठे असतो? आणि ती लिहिते कोणत्या हातानं?

मिनल


नागपूर,
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय मिनल,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. खरं सांगू, राग आला. म्हटलं, इतक्या दुरून हिला काय दिसतं? पण प्रश्न डोक्यातून जाईना. आज कॉल लावला आणि म्हटलं, "काजल, वही दाखव बेटा."

पडदा हलला. आधी ताडपत्री दिसली, मग माती, मग पिंटूचं डोकं. तो तिच्या मांडीवर झोपला होता. रोज असाच असतो म्हणे. एका हातानं त्याला धरायचं, दुसऱ्या हातानं फोन. वही तिनं कशीबशी समोर आणली. वर तारीख घातलेली, खाली कोरी. मागचं पानही तसंच. सगळ्या पानांवर तारखा होत्या, सुबक अक्षरात.

"लिहिलं नाहीस?"

"तुमी दिसत होत्या ना मॅडम. म्या पाहून राहिली होती."

एवढे दिवस मी तिची हजेरी लावत होते आणि शाबास म्हणत होते.

त्याच वेळी तिकडे कुठेतरी घंटा वाजली. लांब नाही, जवळच. मग बरीच मुलं एकदम काहीतरी म्हणायला लागली, पाढ्यासारखं, चालीत. आपला वर्ग कान टवकारून बसला.

"काय आहे गं ते?" मी विचारलं.

"शाळा हाय थे," काजल म्हणाली. "त्या झाडाच्या मांगं. रोज वाजते."

आयुष उठून उभा राहिला. "मॅडम, थे शाळा तिच्या एवढ्या जवळ हाय, अन् आपली एवढी दूर. मंग थे आपल्या शाळेत काहून येते?"

मिनल, या पोरानं हे विचारलं आणि मी त्याला खाली बसायला सांगितलं. जरा जोरातच.

संध्याकाळच्या बसमध्ये खिडकीशी बसून तोच विचार. रोज कॉल लागला की नाही, चित्र नीट दिसतं की नाही, आवाज येतो की नाही, एवढंच मी पाहत होते. ती घंटा आधीही वाजत असणार. मला ऐकू आली नाही, कारण त्या वेळी मी बोलत असायची.

त्या शाळेत तिला बसवता येईल का? तेलुगू मला येत नाही, तिलाही नाही. पंचफुला हो म्हणेल का? आणि ही माझ्याच पटावरची मुलगी, तिला मी आपणहून दुसऱ्या शाळेत कशी पाठवू? टाळ्या वाजवणाऱ्यांना काय सांगू, हाही विचार मनात आला. आला तो लिहिला.

तुझं उत्तर यायला दहा दिवस लागतील. तोवर मी थांबणार नाही, पण लिहावंसं वाटलं.

तारा


नागपूर,
९ मार्च २०२५

प्रिय मिनल,

बरंच घडलं. क्रमानं सांगते.

आधी काजलला विचारलं. "त्या झाडामागच्या शाळेत जाशील?"

ती म्हणाली, "तुमी रागावणार नाई?"

"मी कशाला रागावू?"

"आयुषवर रागावल्या होत्या."

बघ, मुलं काय काय लक्षात ठेवतात! मी वर्गासमोर आयुषला म्हटलं, तुझा प्रश्न बरोबर होता, मला त्याचं उत्तर येत नव्हतं म्हणून चिडले. तो म्हणाला, "मले बी येत नव्हतं मॅडम, म्हणूनच इचारलं."

मग पंचफुलाशी बोलणं. तिचं म्हणणं, "तिथं तिले काई समजणार नाई, नुसती बसून राहीन. अन् पिंट्याचं काय?" मी म्हटलं, एकदा जाऊन पाहू, तुम्ही आणि मी दोघी. "तुमी कशा येसान?" फोनमध्ये, म्हटलं.

बुधवारी त्यांचं काम बंद होतं. पंचफुलानं कडेवर पिंटू घेतला, काजलच्या हातात फोन दिला आणि तिघं निघाली. टीव्हीवर आधी बांध, मग ते झाड, मग शाळेचं फाटक. चौथीपासून पहिलीपर्यंत कोणी हलत नव्हतं. माझ्या फोनवर कॉल आणि हातात मुकुंदचा फोन, त्यात भाषांतराचं ॲप. आदल्या दिवशी घरी दोघांनी सराव केला होता. मी मराठीत बोलायचं, तो फोन तेलुगूत बोलणार, ते कॉलमधून पलीकडे जाणार. पलीकडून तेलुगू आलं की उलट.

एक शिक्षिका बाहेर आल्या. माझ्याएवढ्याच असतील, केसांत अबोलीचा गजरा. पुढे कळलं, नाव स्वरूपा. मी ॲपमध्ये म्हटलं, "ही माझी विद्यार्थिनी काजल. हुशार आहे, पण बुजरी आहे." फोन तेलुगूत काहीतरी म्हणाला. त्यांनी काजलकडे पाहिलं, तिच्या मागे पाहिलं, आणि बोलल्या. आमच्या फोननं सांगितलं, "तुमचे काजळ कुठे आहे? येथे तर एक मुलगी आहे."

सगळा वर्ग लोळून हसला. हसणं तिकडे ऐकू गेलं, आणि काय झालं ते न कळताच त्याही हसल्या. मग मी काजलकडे बोट दाखवून नुसतं नाव घेतलं. ते त्यांना कळलं.

मी बरंच काही ठरवून ठेवलं होतं. पण ॲपवर विश्वास नव्हता, म्हणून तीनच वाक्यं बोलले. ही मिरची तोडणाऱ्यांची मुलगी आहे. एप्रिलपर्यंत इथे आहे. तिला तुमच्या वर्गात बसू द्याल का?

त्यांनी पंचफुलाकडे बघितलं, पिंटूकडे बघितलं. मग फोनजवळ येऊन सावकाश बोलल्या. ॲपनं जसंच्या तसं जे सांगितलं ते लिहिते, कारण इतकं चांगलं मराठी मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं : "मुलीला येऊ द्या. लहान मुलालाही आणा, अंगणवाडी भिंतीला लागून आहे. भात आहे. अंडे आहे. पाटी आहे. भाषा मागाहून चालत येईल."

"काय म्हणते बाई?" पंचफुलानं विचारलं. मी सांगायच्या आतच पिंटू स्वरूपाबाईंच्या कडेवर गेला होता आणि त्यांच्या गजऱ्याला हात घालत होता.

गुरुवारी अकराला मी सवयीनं फोन कपाटावर उभा केला. मग आठवलं. टीव्ही काळा. हजेरीत काजलचं नाव आलं तेव्हा मुलांनी काळ्या टीव्हीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी म्हटलं, ती शाळेत गेली आहे. म्हणायला बरं वाटलं.

आता शनिवारी दोन्ही शाळांनी एकमेकींना भेटायचं ठरवलं आहे. स्वरूपाबाई आणि मी, मध्ये तो फोन. बघू किती काजळ होतं ते.

तुझी,
तारा


ता. भामरागड,
१९ मार्च २०२५

मॅडम,

तुमची दोन्ही पत्रं एकदमच मिळाली. नदीपलीकडून येतात, त्यामुळे कधीकधी पोस्टमन साठवून आणतो. ती पत्रं मी झाडाखाली बसून वाचली आणि मग उठून मुलांना काजलबद्दल सांगितलं. आता मला माडिया एवढी येते. ‘भाषा मागाहून चालत येईल’ हे वाक्य मात्र माडियात कसं म्हणायचं ते मुलांनीच ठरवलं. त्यांच्या वाक्यात भाषा चालत येत नाही, शेळीसारखी मागे मागे येते.

एक सांगते. तालुक्याला रेंज आहे. इथे शाळेची सुट्टी बाजाराच्या दिवशी असते, त्यामुळे मी दर शनिवारी सकाळी बाजाराला जाते. तुमच्या निरोपांपुढे एकच टिक येत होती ती रेंजमुळे नव्हती. मी तुमचा नंबर बंद करून ठेवला होता. मागच्या शनिवारी उघडला. पण पत्रं थांबवू नका. व्हॉट्सॲपवर तुम्ही इतकं लिहिणार नाही, आणि मीही नाही.

शनिवारच्या भेटीचं सगळं कळवा. काहीही गाळू नका.

तुमची,
मिनल


नागपूर,
३० मार्च २०२५, पाडवा

प्रिय मिनल,

नंबराचं वाचलं. मुकुंदला वाटलं मी दुखावेन. मी म्हटलं, सरपंचांशी भांडून टीव्ही आणणारी मुलगी ती, नंबर बंद केला नसता तरच नवल. पत्रं थांबवणार नाही. काहीही गाळत नाही, ऐक.

आधीचे दोन शनिवार बेतास बात गेले. एकात रेंज गेली. दुसऱ्यात दोन्हीकडच्या मुलांनी नुसती एकमेकांना गाणी ऐकवली. कालचा तिसरा. उन्हामुळे तिकडची शाळा सकाळची, शनिवारची आपलीही सकाळचीच. साडेनऊला कॉल लागला. टीव्हीभर मुलं, पुढे स्वरूपाबाई, आणि पहिल्या रांगेत काजल, तिथल्या मुलींसारख्या दोन वेण्या घातलेली. तिच्या मांडीवर कोणी नव्हतं.

आपल्या मुलांनी प्रश्न ठरवून ठेवले होते. पहिला आयुषचा : "आमच्याकडे उद्या गुढीपाडवा आहे. तुमच्याकडे उद्या काय आहे?" मी तो ॲपमध्ये बोलले. फोन तेलुगूत बराच वेळ बोलत राहिला. तिकडची मुलं एकमेकांची तोंडं बघायला लागली. स्वरूपाबाईंनी उत्तर दिलं. आमचा फोन म्हणाला, "उद्या कशाचा पाडाव आहे?" मी पुन्हा बोलले. पुन्हा काहीतरी भलतंच. मी बटणं दाबू लागले. तिकडे स्वरूपाबाईही आपल्या फोनवर काही दाबत होत्या. दोन म्हाताऱ्या मास्तरणी, दोन्ही माना खाली.

आणि काजल उभी राहिली.

"मॅडम, तुमी थांबा," मला म्हणाली. मग वळून स्वरूपाबाईंना तेलुगूत काहीतरी म्हणाली. तेही ‘तुम्ही थांबा’च असावं, कारण त्यांनी फोन खाली ठेवला. मग ती तिकडच्या मुलांकडे वळली आणि अडखळत, हातवारे करत, एक शब्द विसरून शेजारच्या मुलीला विचारत, आयुषचा प्रश्न तिनं त्यांच्या भाषेत सांगितला. तिकडे एकदम गलका. पाच-सहा जण एकदमच उत्तर द्यायला उठले. काजलनं हात वर करून त्यांना गप्प केलं! आपली काजल! मग टीव्हीकडे तोंड करून म्हणाली, "उद्या यांचा बी सण हाय. थे उगादी म्हणतेत. कडुलिंबाचं फूल, गूळ, चिंच अन् कच्चा आंबा एका गंजात कालवतेत, अन् सगळे पितेत."

"आपण पाला खातो!" आपल्याकडून कोणीतरी ओरडलं.

"थे फूल खातेत. कडू लागते का म्हणून म्या इचारलं, तं म्हणे लागते, पण पहिले कडूच खाऊन घ्याचं."

"अन् उद्याच? आपल्याच दिवशी?" आयुषला विश्वास बसेना.

तिनं पुन्हा विचारून घेतलं. "हो. उद्याच."

मग प्रश्नांचा पाऊस. दोन्हीकडून. ती मान इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवत होती, घामाघूम झाली होती, आणि मध्येच गोंधळून आम्हालाच तेलुगूत उत्तर देत होती. स्वरूपाबाई आणि मी गप्प बसलो होतो. एकदा आमची नजर पडद्यावर भेटली. त्यांनी काजलकडे डोळ्यांनी खूण केली आणि छातीवर हात ठेवला. मीही ठेवला.

शेवटी आयुषनं विचारलं, "काजल, तू आता कोणत्या शाळेतली?"

तिनं स्वरूपाबाईंना तेलुगूत विचारलं. त्या हसून काही बोलल्या. काजल आमच्याकडे वळली. "थ्या म्हणतेत, ज्या शाळेत बसली त्या शाळेतली."

"मंग?"

"मंग म्या म्हणलं, म्या तं दोन्हीत बसली."

कॉल संपला तरी मुलं उठेनात. त्याच चर्चेत होती. माणूस दोन शाळांतलं असू शकतं का, मग डबा कुठला, मग मास्तरीण कोण. आयुष बराच वेळ डोकं खाजवत होता. मग म्हणाला, "अन् मॅडम, मिनल मॅडम कोणत्या शाळेतल्या?"

मी म्हटलं, ज्यांचा प्रश्न आहे त्यांनाच विचारा. हे पत्र पोचेल त्या आठवड्याच्या शनिवारी साडेनऊला टीव्ही लावून सगळे बसलेले असतील. तू बाजारात असशील, रेंज असेल. तुझ्या त्या कडक मुलीलाही बरोबर आण, मला उच्चार शिकायचे आहेत. पहिल्यांदा पोरं तुला हात वर करायला लावतील, कान धरायला लावतील, त्याला हरकत घेऊ नकोस. तू खरी आहेस एवढं पटलं की मग ती विचारतील.

काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

तुझी,
तारा